खालचा जबडा पुढे असताना ऑपरेशनाशिवाय उपचार: बेळगावच्या टिळकवाडीतला माझा अनुभव

माझे खालचे दात वरच्यांच्या पुढे यायचे. तिशीनंतर, ऑपरेशन न करता, टिळकवाडीतल्या एका ऑर्थोडोंटिस्ट (वाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टर) मॅडमांकडे उपचार घेतले. उपचार पूर्ण झालेत आणि मी समाधानी आहे.

मॅडमांनी तारा लावायची घाई केली नाही, हे मला सगळ्यात आवडलं. चेहऱ्याचा बाजूने एक्स-रे काढला, दातांची मापं घेतली. मग जबडा सैल सोडायला सांगून हनुवटी हलकेच मागे ढकलली. पुढच्या दातांच्या कडा एकमेकींवर टेकल्या. "हे चांगलं लक्षण. जबडा थोडा पुढे आहेच, पण दात अडतात म्हणून चावताना तुम्ही तो आणखी पुढे सरकवता," त्या म्हणाल्या. हाडातच मोठा फरक असेल तर त्या ऑपरेशनच सुचवतात.

कागदावर चित्र काढून हेही समजावलं, की तारांनी दात सरकतात, मोठ्या वयात जबड्याचं हाड नाही. वरचे दात किंचित पुढे झुकतील, खालचे मागे जातील, हनुवटी जवळपास तशीच राहील. चेहरा बदलायची अपेक्षा असेल तर हा उपचार नको, असं स्पष्ट सांगितलं. मला भाकरीचा तुकडा पुढच्या दातांनी तोडायचा होता. मी लगेच हो म्हटलं.

जागेसाठी खालच्या अक्कलदाढा काढल्या. खरं काम रबरांचं. वरच्या दाढेपासून खालच्या सुळ्यापर्यंत ताणून, जेवण सोडून दिवसरात्र लावायची. जांभई दिली की तुटतात, म्हणून खानापूरच्या बसमध्येही पर्समध्ये पुडी असायचीच. गोकाकचं करदंट (डिंक-सुकामेव्याची चिवट मिठाई) पूर्ण बंद, ऊस बंद. तार गालाला टोचली की मेण लावायचं. खालच्या हिरड्या पातळ असल्यामुळे मॅडम दर भेटीत त्या खाली सरकत नाहीत ना, हे तपासायच्या. ही काळजी फार मोलाची वाटली.

तक्रार एकच, शनिवारची गर्दी. निपाणी, चंदगडहूनही पेशंट येतात, वेळ घेऊनही ताटकळावं लागतं. जमलं तर मधल्या वारी जा. फी हप्त्यांनी घेतात.

तारा निघाल्या तरी खालच्या दातांमागे बारीक तार चिकटवलेली आहे आणि रात्री रिटेनर (दात जागेवर धरून ठेवणारा साचा) लावावा लागतो. तो वर्षानुवर्षं लावायची तयारी असेल तरच सुरुवात करा, नाहीतर दात परत सरकू लागतात.