जुन्या चेरोकीसाठी पर्यायी इंजिन: एका मशीनिंग वर्कशॉपच्या कामाचे परीक्षण

जीप चेरोकीच्या ४.० लिटर, एका रांगेतील सहा सिलिंडरच्या इंजिनाची टिकाऊपणाबद्दलची ख्याती खोटी नाही. १९८७ च्या मॉडेलपासून २००६ पर्यंत ते मूळ रचना न बदलता बनत राहिले. तरीही पिस्टनच्या रिंगा झिजतात, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) उतरते आणि गरम इंजिनाचे ऑइल प्रेशर आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, जेमतेम राहते. माझी गाडी १९९८ ची. ती चालू ठेवता यावी म्हणून भंगारातून २००० सालचे इंजिन घेतले, त्याच्या बोअरिंगचे (सिलिंडरची पोकळी, म्हणजे बोअर, मोठी करण्याचे), क्रॅन्क ग्राइंडिंगचे (पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा घासण्याचे) आणि हेडचे (सिलिंडरांवरच्या, व्हॉल्व्ह असलेल्या भागाचे) काम एका वर्कशॉपकडे दिले व जोडणी स्वतःकडे ठेवली.

या वर्कशॉपची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे मोजमाप. बोअरला हात लावण्यापूर्वी त्यांनी प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी मोजून त्याचे आकडे कागदावर दिले आणि झीज पाहूनच थर्टी ओव्हरसाइज, म्हणजे बोअर इंचाच्या तीस सहस्रांशाने (सुमारे ०.७६ मिमी) मोठा, करावे लागेल असे सांगितले. पिस्टन हातात आल्याशिवाय अंतिम होनिंग (बोअर घासून नेमक्या मापाला आणणे) करणार नाही, हा त्यांचा हट्ट मला फार आवडला, कारण कॅटलॉगमधल्या मापावर विसंबून बोअर मारणारेच अधिक भेटतात. जोडणीच्या वेळी मी मेन बेअरिंगचे (क्रॅन्क ज्यांत फिरतो त्यांचे) क्लिअरन्स, म्हणजे मधली फट, पुन्हा तपासले, तेव्हा सातही ठिकाणी ते ०.०३ ते ०.०६ मिमी या मर्यादेत निघाले.

हेडबाबतही त्यांची नजर पक्की होती. भंगारातल्या हेडवर ०३३१ हा कास्टिंग क्रमांक दिसताच त्यांनी त्यावर खर्च करू नका असे सांगितले. २०००-०१ च्या गाड्यांवरील ही हेड तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या मध्ये तडकतात, कूलंट ऑइलमध्ये उतरते आणि नव्याने बांधलेल्या इंजिनाची बेअरिंग खराब होतात. त्याऐवजी मी ०६३० क्रमांकाचे हेड मिळवून दिले. त्याचे व्हॉल्व्ह सीट कटिंग (व्हॉल्व्ह टेकतात त्या कडा कापणे) आणि फेसिंग (खालची बाजू सपाट करणे) नेटके झाले.

स्ट्रोकरचा, म्हणजे पिस्टनची धाव (स्ट्रोक) वाढवून इंजिन मोठे करण्याचा, त्यांचा आग्रह मात्र खटकला. जुन्या ४.२ लिटर इंजिनाचा क्रॅन्क बसवला की स्ट्रोक ८६.७ वरून ९८.९ मिमी होतो आणि वाढीव बोअरसह क्षमता सुमारे ४.६ लिटरपर्यंत जाते, हे खरे. पण मग पिस्टनची उंची, कॉम्प्रेशन आणि इंजेक्टर या सगळ्यांचा मेळ नव्याने घालावा लागतो, शिवाय खडकाळ चढावर तासनतास लो रेंजमध्ये (कमी वेगाच्या, जास्त ताकदीच्या गिअरमध्ये) चालणाऱ्या गाडीच्या रेडिएटरवर उष्णतेचा भार वाढतो. एकदा नाही म्हटल्यावर तोच विषय पुन्हा पुन्हा काढायची गरज नव्हती.

खरी तक्रार सफाईची आहे. ब्लॉक ‘धुऊन तयार’ म्हणून परत आला, पण एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल) लावलेले पांढरे फडके सिलिंडरमध्ये फिरवताच होनिंगची करडी भुकटी त्यावर उतरली. ऑइल गॅलरीचे (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांचे) प्लग काढलेलेच नव्हते; ते काढून लांब ब्रश घातला तेव्हा धातूचे बारीक कण बाहेर आले. साबणाच्या पाण्याने धुणे आणि फडके स्वच्छ निघेपर्यंत पुसणे मलाच करावे लागले. जोडणी त्यांच्याकडे दिली असती तर ही भुकटी थेट नव्या बेअरिंगमध्ये गेली असती, म्हणून मशीनिंगसाठी मी त्यांचे नाव निःशंकपणे सुचवीन, पूर्ण इंजिन बांधून घेण्यासाठी नाही.

पहिल्या स्टार्टबद्दलच्या त्यांच्या सूचना अचूक होत्या. डिस्ट्रिब्यूटर काढून ड्रिलने ऑइल पंप फिरवायचा आणि रॉकरपर्यंत ऑइल पोहोचल्याची खात्री करायची. नव्या कॅमसाठी (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यासाठी) झिंक-फॉस्फरसचे प्रमाण जास्त असलेले ऑइल वापरायचे आणि इंजिन आयडलवर न सोडता वीस मिनिटे दोन हजार आरपीएमच्या आसपास ठेवायचे. सपाट टॅपेटवर घासत चालणाऱ्या या कॅमचे लोब (उंचवटे) सुरुवातीच्या काही मिनिटांतच एकमेकांशी नीट जुळतात किंवा खराब होतात. इंजिन आता गाडीत आहे. कंपनीच्या मते ६०० आरपीएमला किमान १३ पीएसआय ऑइल प्रेशर पुरते. माझ्याकडे गरम आयडलला त्याच्या दुपटीहून अधिक मिळते. क्रॅन्कच्या मागच्या टोकाच्या दोन तुकड्यांच्या रिअर मेन सीलमधून थोडे ऑइल पाझरते, पण ते सील मीच बसवले होते, तेव्हा त्याचे गुण वर्कशॉपच्या खात्यातून कापणार नाही.