आधी वेग की आधी दम? 100 मीटरच्या तयारीचे दोन रस्ते

सीझन संपला, घड्याळातला आकडा काही हलला नाही, आणि आता पुढच्या वर्षाची आखणी करायची आहे. अशा वेळी धावपटू, कोच आणि घरचे यांच्यात जो वाद रंगतो तो फिरून फिरून एकाच ठिकाणी येतो. एक बाजू म्हणते, आधी पाया घाला, 200-300 मीटरचे रेप (ठरलेली विश्रांती घेत तेच अंतर पुन्हा पुन्हा पळणं) मारून दम कमवा, वेग मागून येईल. दुसरी म्हणते, पहिल्या आठवड्यापासून पूर्ण ताकदीने 30 मीटर पळा आणि अंतर हळूहळू वाढवत न्या. दोन्ही रस्त्यांनी ऑलिंपिकविजेते घडलेत, त्यामुळे एकमेकांवर नावं फेकून हा वाद मिटत नाही. माझा कौल आधीच सांगायचा तर, 100 मीटरवाल्या बहुतेकांसाठी आधी वेग. त्या 'बहुतेकां'त तुम्ही बसता का, हे मात्र तपासून घ्यायला हवं.

शर्यत कुठे हरता?

16 ऑगस्ट 2009 रोजी बर्लिनमध्ये उसेन बोल्ट 9.58 सेकंदांत धावला. त्या शर्यतीचे 20-20 मीटरचे तुकडे असे होते: 2.89, 1.75, 1.67, 1.61 आणि 1.66. पहिल्या तुकड्यात बंदुकीला प्रतिसाद द्यायला लागलेला वेळही धरलेला आहे.

शेवटचे दोन आकडे नीट बघा. 60 ते 80 मीटरमध्ये तो सेकंदाला साधारण 12.4 मीटर कापत होता आणि त्यानंतर तोही मंदावला. टीव्हीवर शेवटी जो 'सुटला' असं वाटतं, तो खरं तर बाकीच्यांपेक्षा कमी मंदावत असतो. आता हिशेब करा. बोल्टचा उतार 0.05 सेकंदांचा. त्याच्यात कितीही दम ओतला असता आणि हा उतार पूर्ण बुजवला असता, तरी हाती पाचच शतांश लागले असते. उरलेलं सगळं त्या वरच्या वेगात आणि तिथवर पोहोचण्यात आहे.

तुम्ही बोल्ट नाही, मान्य. म्हणून तुमचे तुकडे काढा. समजा दोन मुली, दोघींचा वेळ बरोबर 12.00. पहिलीचे तुकडे 3.30, 2.20, 2.15, 2.15, 2.20. दुसरीचे 3.20, 2.10, 2.10, 2.20, 2.40. निकालपत्रावर दोघी सारख्याच दिसतात. पण पहिलीचा शेवट उत्तम आहे, तिला मुळात वेगच कमी पडतो. तिच्याकडून हिवाळाभर 300 मीटर पळवून घेणं म्हणजे जे आहे तेच आणखी देणं. दुसरी 60 मीटरपर्यंत पुढे आहे आणि शेवटच्या 20 मीटरमध्ये तिचे तीन दशांश गळतात. दम वाढवण्याचा विचार करायचा तर तो तिच्यासाठी. तिच्याही बाबतीत आधी व्हिडिओ बघा: खांदे वर चढलेत का, जबडा आवळलाय का, पाऊल शरीराच्या फार पुढे पडतंय का. पुष्कळदा 'दम कमी पडला' म्हणतात तेव्हा प्रत्यक्षात घाबरून अंग आवळलेलं असतं, आणि त्यावर 300 मीटरचे रेप हा उपाय नाही.

हे तुकडे हातातल्या स्टॉपवॉचने काढू नका. अंगठ्याची चूकच दशांशात जाते आणि आपण शोधतोय शतांश. धावपटूच्या लेनच्या रेषेला लागून दर 20 मीटरवर कोन ठेवा, मोबाइल स्लो-मोशनवर लावून जमेल तितका लांब उभा करा आणि छाती कोनाशी येते ती फ्रेम शोधा. एका धावेवरून निष्कर्ष नको. वेगवेगळ्या दिवशीच्या तीन-चार धावा घ्या, वारा कुठून होता ते लिहून ठेवा.

पहिला रस्ता: दम आधी

या पद्धतीत सीझनच्या बऱ्याच आधी लांब अंतरं, मध्यम वेग आणि थोडी विश्रांती असते. 200 मीटरचे रेप, मध्ये दोन-तीन मिनिटं. पुढे रेप कमी होतात, वेग वाढतो, विश्रांती वाढते, अंतर 150, 120 असं उतरत जातं. पूर्ण वेगाचं काम स्पर्धा तोंडावर आल्यावर.

अमेरिकेचे कोच क्लाइड हार्ट यांनी मायकेल जॉन्सनला असंच घडवलं, आणि जॉन्सनने अटलांटात 1996 मध्ये 200 मीटर 19.32 मध्ये आणि सेव्हिलमध्ये 1999 मध्ये 400 मीटर 43.18 मध्ये मारली. इटलीचा पिएत्रो मेन्नेआ कार्लो व्हित्तोरींच्या हाताखाली ढोरमेहनत करायचा. 1979 मध्ये मेक्सिको सिटीच्या उंचीवर त्याने काढलेला 19.72 चा विक्रम 1996 पर्यंत टिकला. पण ही नावं कोणत्या अंतराची आहेत बघा. 200 आणि 400. तिथे दम हा शर्यतीचा अर्धा भाग आहे. 100 मीटरच्या धावपटूने जॉन्सनचं वेळापत्रक उचलणं म्हणजे दुसऱ्याच्या आजाराची चिठ्ठी घेऊन औषधं आणणं.

याचे फायदे खरे आहेत. एका कोचला वीस-पंचवीस मुलं एकदम सांभाळता येतात. नवख्याला ट्रॅकवर टिकण्याची, रोज येण्याची सवय लागते. ज्याला 200 आणि रिलेही धावायची आहे, त्याचं भागतं. आणि थकून घरी गेलं की काहीतरी केल्यासारखं वाटतं. हा शेवटचा फायदा कोणी उघड सांगत नाही, पण पालकांना पटवायला तोच कामी येतो.

तोटा एकच, पण महागात पडणारा. तीन-चार महिने पूर्ण वेग न काढता एकदम स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) चढवून जोरात पळायला लावलं की मांडीच्या मागचा स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, दगा देतो. पाय पुढे फेकून जमिनीकडे आणताना त्यावर सर्वाधिक ताण येतो आणि तो ताण फक्त पूर्ण वेगातच येतो. 80 टक्क्यांनी कितीही पळा, त्या क्षणाची तयारी होत नाही.

दुसरा रस्ता: वेग आधी

इथे पहिल्या आठवड्यापासून छोटं पण पूर्ण ताकदीचं काम. 20 आणि 30 मीटरच्या सुरुवाती, नंतर 40, मग 60, मग 'फ्लाइंग 20', म्हणजे आधी 25-30 मीटर वेग घेऊन पुढचे 20 मीटर मोजायचे. 80 आणि 120 मीटर सीझन जवळ आल्यावर. एका जोराच्या दिवसानंतर साधारण 48 तास पुन्हा जोर नाही. मधल्या दिवशी गवतावर हलका टेम्पो, म्हणजे आरामात, कमी वेगाने धावणं.

या पद्धतीचं नाव निघालं की कॅनडाचे कोच चार्ली फ्रान्सिस आठवतात आणि लगेच त्यांचा धावपटू बेन जॉन्सन, सोल ऑलिंपिक 1988, 9.79, स्टॅनोझोलॉल हे बंदी असलेलं स्टेरॉइड आणि काढून घेतलेलं सुवर्णपदक. तेव्हा स्वच्छ बोलायला हवं. फ्रान्सिसची मांडणी कामाची आहे: काम एकतर आपल्या पूर्ण वेगाच्या 95 टक्क्यांच्या वर करा किंवा 75 टक्क्यांच्या खाली, मधलं काम वेग वाढवायला पुरेसं जोरकस नसतं आणि थकवा मात्र पुरेपूर देतं. पण त्याच्या गटाचे प्रत्यक्ष आकडे, किती रेप, किती वजन, जसेच्या तसे उचलू नका. औषधांवर असलेलं शरीर जितकं पचवतं तितकं तुमचं पचवणार नाही. तत्त्व घ्या, मात्रा निम्मी करा आणि तिथून हळूहळू वर या.

बघणाऱ्याला हा सराव आळशी वाटतो, हीच याची खरी अडचण. 30 मीटरचे सहा रेप, प्रत्येकामध्ये चार मिनिटं. एकूण धाव 180 मीटर, आणि नुसतं उभं राहणं वीस मिनिटांचं. काठावरून बघणारे वडील तिसऱ्या रेपनंतर विचारतात, "सर, हे नुसतेच उभे का आहेत?" उत्तर असं की पूर्ण जोराच्या धावेला स्नायूंत साठलेलं फॉस्फोक्रिएटिन हे झटपट ऊर्जा देणारं इंधन लागतं, ते काही सेकंदांत बरंचसं संपतं आणि पुन्हा भरायला मिनिटं लागतात. दर 10 मीटरला एक मिनिट विश्रांती हा ट्रॅकवरचा जुना ठोकताळा इथूनच आलाय. विश्रांती कापली की रेप 30 मीटरचाच राहतो, पण काम दमाचं होऊन बसतं.

धोका इथेही आहे. अर्धवट वॉर्मअप, झोप अपुरी, आणि 'आज अंग हलकं वाटतंय' म्हणून वाढवलेला सातवा-आठवा रेप. थांबायचं कधी हे आधी ठरवा. माझ्या मते सर्वोत्तम वेळेच्या तीन टक्क्यांपलीकडे घसरण झाली की त्या दिवसाची वही बंद: 4.20 चा 4.33 झाला की घरी. ज्या कोचकडे एकावेळी तीस मुलं आहेत आणि वेळ मोजायला कोणी नाही, त्याने हा रस्ता घेऊ नये, निदान पूर्णपणे घेऊ नये. न मोजता केलेलं वेगाचं काम हे दमाच्या कामापेक्षाही वाईट.

मग कोणी काय घ्यावं

पंधरा-सोळा वर्षांचा, ट्रॅकवर पहिलं-दुसरं वर्ष असलेला मुलगा: वेग आधी, पण थोडा, आठवड्यातून दोनदा, बाकी उड्या, धावण्याची ढब आणि खेळणं. 100 आणि 200 दोन्ही धावणारा, तुकडे पहिल्या मुलीसारखे: वेग आधी, सीझनच्या दोन महिने आधीपासून 120-150. तुकडे दुसऱ्या मुलीसारखे: तरीही वेग चालू ठेवा, आठवड्यातला एक दिवस लांबच्या कामाला द्या. 400 हेच मुख्य अंतर असेल तर हार्ट यांचा रस्ता, न कचरता. नुकताच हॅमस्ट्रिंग दुखावलेला: फिजिओच्या देखरेखीखाली वेगाकडे पायरी-पायरीने परत जा. दमाच्या कामात लपून बसलात तर दुखणं फक्त पुढे ढकललं जातं.

कमजोरी सुधारायची की बलस्थान धारदार करायचं, यावर अमेरिकेच्या नोआ लाइल्सचं 2024 चं वर्ष बघण्यासारखं आहे. तो मुळात 200 मीटरचा, शेवट जबरदस्त, सुरुवात ढिली. त्या हिवाळ्यात तो इनडोअर 60 मीटरच्या मागे लागला, 6.43 पर्यंत पोहोचला आणि ग्लासगोच्या जागतिक इनडोअर स्पर्धेत रौप्य मिळवलं. पॅरिस ऑलिंपिकच्या 100 मीटर अंतिम फेरीत बंदुकीला त्याचा प्रतिसाद 0.178 सेकंदांचा, सुरुवातीच्या टप्प्यात तो सर्वांच्या मागे, तरीही तो 9.784 ने जिंकला; दुसरा आलेला किशेन थॉम्पसन 9.789. सुरुवात तेव्हाही काही झकास नव्हती. पण आधीपेक्षा थोडी कमी वाईट होती, आणि पाच सहस्रांशांच्या शर्यतीत तेवढ्यावर सुवर्ण मिळतं.

वजनांबद्दल थोडक्यात: स्क्वॉट आणि डेडलिफ्ट हवेत, पण जोराच्या धावण्याच्या दिवशीच, धावून झाल्यावर. हलक्या दिवशी जिम केली की तो दिवस हलका राहत नाही.

कोचशी पटलं नाही तर

या वादात धावपटूचं म्हणणं किती धरायचं? 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकनंतर बोल्ट ग्लेन मिल्सकडे गेला. मिल्सचा विचार होता की 200 च्या जोडीला 400 धावावी. बोल्टला 400 चा सराव नकोसा, त्याला 100 हवी होती. मिल्सने सरळ नाही म्हटलं नाही. अट घातली की आधी 200 मीटरचा जमैकाचा राष्ट्रीय विक्रम मोड. डॉन क्वॉरीचा 19.86 हा आकडा 1971 पासून उभा होता. 2007 मध्ये बोल्टने 19.75 मारली, त्याच जुलैत ग्रीसमधल्या रेथिम्नोला पहिली मोठी 100 मीटर 10.03 मध्ये जिंकली आणि 31 मे 2008 रोजी न्यूयॉर्कमध्ये 9.72 चा जागतिक विक्रम केला. दोन्ही बाजू ही गोष्ट आपापल्या खात्यात जमा करतात. मला त्यात कोचचा शहाणपणा जास्त दिसतो: हट्ट मोडून काढण्याऐवजी त्याने तो घड्याळावर सोपवला.

कोच बदलण्याचा हिशेब इतका सोपा नसतो. इटलीच्या मार्सेल जेकब्सने टोकियो ऑलिंपिकमध्ये पाओलो कामोस्सीच्या हाताखाली 100 मीटरचं सुवर्ण 9.80 मध्ये घेतलं, पुढच्या दोन वर्षांत दुखापतींनी त्याला पुन्हा पुन्हा गाठलं, आणि 2023 च्या शरद ऋतूत तो इटली सोडून फ्लोरिडात राना रायडरकडे गेला. पॅरिसला 9.85, पाचवा. पदक गेलं म्हणून बदल फसला म्हणायचं, की टोकियोनंतरची ही त्याची सर्वांत जलद धाव म्हणून जमला म्हणायचं? माझ्या मते जमला. ज्या धावपटूचं शरीर वारंवार मोडत होतं तो अंतिम फेरीच्या दिवशी धडधाकट उभा होता, आणि बदलाकडून पहिल्या वर्षी इतकीच अपेक्षा ठेवावी.

बदलायचंच असेल तर सीझन संपल्यावर बदला, मध्येच नको. जाताना दोन वर्षांची डायरी सोबत न्या: रेप, विश्रांती, वेळ, कुठे दुखलं, कधी दुखलं. नव्या कोचने ती उघडूनही पाहिली नाही आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांना तोच छापील कागद वाटला, तर आणखी एखादा कोच पाहून मगच फी भरा.