गंजगोलाईजवळ कॅसेट भरून घेताना

मोबाइलमधील गाणी कॅसेटवर भरून देणारे लातूरच्या गंजगोलाईजवळील एक छोटे दुकान मला मनापासून आवडले, कारण तेथील कारागीर केवळ वायर जोडून काम उरकत नाहीत. वडिलांच्या जुन्या टेपरेकॉर्डरसाठी मी अभंग दिले होते. कारागिरांनी आधी डेकचे हेड, म्हणजे रेकॉर्डिंग यंत्राचा फितीला टेकणारा भाग, स्पिरिटने पुसले, सर्व फाइलींचा आवाज एका पातळीवर आणला आणि मीटरचा काटा क्वचितच लाल पट्ट्यात जाईल एवढीच रेकॉर्डिंगची पातळी ठेवली. ती फार वाढवली तर आवाज फाटतो आणि फार कमी ठेवली तर फितीची सरसर गाण्याच्या वर ऐकू येते. सी-९० कॅसेटच्या एका बाजूस ४५ मिनिटेच मावतात, म्हणून अभंग मध्येच तुटणार नाही असा क्रमही त्यांनी लावून दिला. मी मागितलेली १२० मिनिटांची कॅसेट मात्र त्यांनी नाकारली, कारण तिची फीत पातळ असल्यामुळे जुन्या यंत्रात ती ताणली जाण्याची किंवा अडकण्याची भीती असते. हा सल्ला मला फार मोलाचा वाटला. घरचे यंत्र साधे असल्यास डॉल्बी, म्हणजे फितीची सरसर कमी करणारी डेकमधील सोय, बंद ठेवण्यास आवर्जून सांगावे. ४५ मिनिटांची बाजू भरायला ४५ मिनिटेच लागतात, त्यामुळे घाईच्या कामासाठी येथे जाऊ नये. कोऱ्या कॅसेटचा दर चढा आहे.