आठ महिने गूगल बिझनेस प्रोफाइल: आधी पिन कुठे आहे ते बघा

एप्रिलमध्ये मयेहून एक काका विहिरीचा जळालेला पंप रिक्षात घालून डिचोलीच्या बसस्टँडवर अर्धा तास फिरले. शेवटी फोन आला, "बाब, तुमचें दुकान खंय? नकाशा हांगाच दाखयता." माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान बोर्ड्याला. रिक्षाचं जास्तीचं भाडं मी दिलं आणि त्या रात्री गूगलवर दुकानाचा पत्ता, वेळ आणि नकाशा दाखवणारं स्वतःचं बिझनेस प्रोफाइल पहिल्यांदा नीट उघडून बघितलं. जानेवारीपासून पिन, म्हणजे नकाशावरची दुकानाची खूण, बसस्टँडवर होती! एप्रिल-मे हा आमचा पंपांचा हंगाम. असे किती जण न विचारताच परत गेले असतील, हा विचार अजून जात नाही.

प्रोफाइल एका एजन्सीने आठ हजार रुपये घेऊन केलेलं. "पहिल्या नंबरवर आणतो" म्हणाले होते. पैसे देऊन नकाशावरचा क्रमांक वर नेता येत नाही, हे गूगलच्या मदतपानावर सरळ लिहिलंय. दुकान शोधाशी किती जुळतं, शोधणाऱ्यापासून किती लांब आहे आणि किती नावाजलेलं आहे, यावर क्रमांक ठरतो. म्हणजे पिन चुकली की अंतराचा हिशेबच चुकला. प्रोफाइल फुकट असतं, हेही मला तेव्हाच कळलं. वर त्यांनी नावात 'बेस्ट' आणि 'गोवा' घुसडलेलं. नियमाप्रमाणे पाटीवर आहे तेच नाव द्यायचं, नाहीतर प्रोफाइल बंद पडू शकतं.

दुरुस्त करायला गेलो तर प्रोफाइलची मालकी एजन्सीच्या ईमेलवर. फोन उचलेनात. मग गूगलवर मालकीची विनंती टाकली. समोरच्याला उत्तरासाठी तीन दिवस असतात; उत्तर आलं नाही, म्हणून दुकान माझंच आहे याची व्हिडिओने पडताळणी केली. रस्ता, पाटी, शटर उघडताना मी, आत वाइंडिंगचं मशीन, सगळं न थांबता एकाच व्हिडिओत. दुसऱ्या प्रयत्नात झालं.

पिनसाठी उपग्रहाचं चित्र लावा, जितकं मोठं होईल तितकं करा आणि ती नेमकी शटरवर ठेवा. मी आधी छपराच्या मधोमध ठेवली, तर नकाशा लोकांना मागच्या व्हाळाकडच्या पायवाटेने आणू लागला. पंप उचलून त्या वाटेने कोण येणार? चार हात पुढे सरकवली आणि काम झालं. मग शेजारच्या मुलाच्या फोनवरून रस्ता लावून स्वतः चालत तपासलं.

मे महिन्यात मी सगळ्यांना सांगायचो की पिन सोडून बाकी सगळं बिनकामाचं. आता तसं म्हणणार नाही. प्रोफाइलमध्ये दुकानाचा मुख्य प्रकार विजेच्या सामानाचं दुकान असा ठेवलेला, त्यामुळे बल्ब आणि वायर विचारणारे फोन यायचे. तो बदलून मोटर दुरुस्ती केला आणि ते फोन जवळजवळ बंद झाले. गावांच्या नावांचंही बघा. पाटीवर डिचोली, पण इंग्रजी पत्त्यात बिचोलिम, साखळीचं सांकेलिम. लोकांनी कोणते शब्द टाकून आपल्याला शोधलं, ते प्रोफाइलच्या 'परफॉर्मन्स' भागात दिसतं. मी महिन्यातून एकदा बघतो. माझ्या यादीत बिचोलिमच जास्त, म्हणून पत्ता तसाच ठेवलाय.

रिव्ह्यूसाठी पन्नास रुपये सूट द्या, असं त्याच एजन्सीने सुचवलं होतं. ते नियमात बसत नाही आणि मला पटतही नाही. काम झाल्यावर गिऱ्हाइकाला नुसतं सांगतो, जमलं तर लिहा. कमी येतात, पण खरे येतात.

जूनमध्ये कुणीतरी सुचवलेल्या बदलामुळे रविवार 'बंद' झाला होता, तर माझा रविवार अर्धा दिवस चालू असतो. तेव्हापासून दर सोमवारी वेळ तपासतो. चवथीची सुट्टी प्रोफाइलच्या 'विशेष वेळ' भागात आधीच घातली, त्यामुळे त्या दिवसांत कुणाचाही फुकट फेरा झाला नाही.

पंपाच्या हंगामापेक्षा आता पावसात फोन जास्त येतात, असं पहिल्यांदाच झालंय. आठ हजार मात्र परत मिळालेले नाहीत. मेसेज पाठवतोय, निळ्या खुणा दिसतात, उत्तर नाही. डिचोलीत आणखी कुणाची मालकी अशीच दुसऱ्याच्या ईमेलवर अडकली असेल तर आजच विनंती टाका.