ग्रेड केलेल्या नोटा : चौदा महिन्यांनंतर विश्वास कुठे ठेवावा?

नौपाड्याच्या घरी आजोबांच्या जमाखर्चाच्या वहीत सहाव्या जॉर्जची दहाची नोट सापडली, सी. डी. देशमुखांच्या सहीची. तीन घड्या, कोपऱ्याला तांबूस डाग. तिथून हा नाद लागला. गेल्या चौदा महिन्यांत एका एजंटामार्फत अकरा नोटा ग्रेडिंगला, म्हणजे खरेपणा आणि अवस्था तपासून गुण देणाऱ्या कंपन्यांकडे, पाठवल्या आणि सहा नोटा स्लॅबसकट, म्हणजे अशा कंपनीच्या लेबल लावलेल्या सीलबंद प्लास्टिक होल्डरसकट, विकत घेतल्या. ग्रेडिंगवर किती विसंबायचं याचं माझं उत्तर आता बऱ्यापैकी ठरलंय.

ग्रेडिंगची पट्टी ७० गुणांची. ती मुळात १९४९ साली नाणेतज्ज्ञ विल्यम शेल्डन यांनी अमेरिकन नाण्यांसाठी काढली. कागदी नोटांना ग्रेड देणाऱ्या कंपन्यांत २००५ पासून पीएमजी आहे, पीसीजीएस आहे, आणि आपल्याकडच्या लिलावांत दोघांचीही लेबलं दिसतात. पीएमजीचं ‘ईपीक्यू’ म्हणजे कागद मूळचा, त्यावर कसले उपचार झालेले नाहीत. पीसीजीएस त्यालाच ‘पीपीक्यू’ म्हणतं.

माझा सगळ्यात जास्त भरवसा या शेऱ्यावर आहे, आकड्यावर त्याहून कमी. कारण सांगतो. दोन रुपयांची एक नोट मला इतकी करकरीत वाटली होती की वहीत मी ‘६४’ असा अंदाज लिहून ठेवला. ती परत आली ५५ होऊन, आणि ईपीक्यू नाही. आधी राग आला. मग टेबललॅम्प आडवा ठेवून नोट तिरकी धरली, तेव्हा मधोमध घडीची पुसट रेघ दिसली. कुणीतरी दाबून सपाट केलेली. तिच्याशेजारी त्याच काळातली अस्सल कोरी नोट ठेवली. कोऱ्या नोटेला मागच्या बाजूने नंबरांचा उठाव स्पष्ट दिसतो, माझ्या नोटेची पाठ अगदी सपाट होती. ही गोष्ट माझ्या डोळ्यांना कळली नव्हती, ग्रेडिंगवाल्यांना कळली. त्या दिवसापासून कुठलीही नोट घेताना आधी तिची पाठ बघतो.

आकड्याचं म्हणाल तर ६४ आणि ६५ मधला फरक बऱ्याचदा समास किती सारखे आहेत एवढ्यावर येतो. माझ्याकडे एकाच मालिकेतल्या अशा दोन नोटा आहेत. लेबल झाकून दोघा जाणकारांना दाखवल्या, दोघांनीही ६४ वाली सरस ठरवली. तरी ६५ ला मी जवळपास दुप्पट मोजले होते. परत मोजणार नाही.

स्टेपलच्या भोकांबद्दल बरेच जण विचारतात. आपल्या गड्ड्या वर्षानुवर्षं पिना मारूनच यायच्या, रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २००१ मध्ये बँकांना ते थांबवायला सांगितलं. त्यामुळे जुन्या भारतीय नोटेला डावीकडे भोकं असणारच. लेबलवर ‘स्टेपल होल्स ॲट इश्यू’ लिहिलेलं असेल तर घाबरू नका. भोकाभोवती गंज उतरलाय का, ते मात्र बघा.

आता फसवणूक. एका विक्रेत्याकडून ऑनलाइन घेतलेला स्लॅब घरी आला. दिसायला चोख. लेबलवरचा सर्टिफिकेट नंबर ग्रेडिंग कंपनीच्या साइटवर टाकला, नोंद सापडली, नोटेचा प्रकारही तोच. पण साइटवरचा नोटेचा फोटो मोठा करून पाहिला तर त्या नोटेवरचा क्रमांक वेगळा! खऱ्या स्लॅबचा नंबर चोरून खोट्या होल्डरवर छापला होता. पैसे परत मिळायला एकोणीस दिवस आणि असंख्य फोन लागले. म्हणून नंबर ‘मिळाला’ एवढ्यावर थांबू नका. नोटेचा क्रमांक, समास, एखादा ठिपका, सगळं फोटोशी ताडून बघा. फोटोच नसेल तर मी ती नोट घेत नाही.

खर्चाचं गणित सरळ आहे. फी, एजंटाचं कमिशन, जाण्यायेण्याचा विमा धरला तर स्वस्त नोट ग्रेड करण्यात अर्थ नाही. माझ्या अकरापैकी पाच नोटा पाठवायलाच नको होत्या. ज्या नोटेच्या खरेपणावरच लाखाचा व्यवहार अडतो, १९५४ ची हजाराची वगैरे, ती ग्रेडिंगशिवाय घेण्याचं धाडस मी करणार नाही.

देशमुखांच्या सहीची नोट मी पाठवलेली नाही. ती विकायची नाही, आणि आजोबांच्या वहीतून निघालेल्या नोटेच्या खरेपणाची मला शंका नाही. मायलरच्या पारदर्शक प्लास्टिक पाकिटात घातली आहे, डाग न पुसता, घड्या न दाबता.