लॉनचे फवारे आणि ठिबक: पंधरा महिने वापरल्यानंतर

मागच्या वर्षी फेब्रुवारीत घरापुढच्या लॉनला पॉप-अप फवारे (पाण्याच्या दाबाने जमिनीतून डोकं वर काढणारे) आणि कडेच्या झाडांना ठिबक बसवून घेतलं. घर नाशिकला. लॉन साधारण 600 चौरस फूट, म्हणजे 55 चौरस मीटर, पाणी बोअरचं. गच्चीवरची टाकी जेमतेम सात मीटर उंच, त्यामुळे नुसत्या टाकीच्या दाबावर फवारे डोकं वर काढेनात. दहा मीटर उंचीला एक किलो (दर चौरस सेंटीमीटरला) दाब मिळतो आणि या फवाऱ्यांच्या तोंडांना, म्हणजे नोझलना, दोन किलो तरी लागतो. म्हणजे प्रेशर पंप आलाच. हा खर्च कोटेशनमध्ये नव्हता. बसवणाऱ्याने तो काम अर्धं झाल्यावर सांगितला.

पहिले दोन महिने मी खूश होतो. पहाटे साडेपाचला टायमर चालू, वीस मिनिटांत काम खलास, नळी ओढत फिरणं बंद. एप्रिलमध्ये एक कोपरा पिवळा पडला आणि मधल्या भागात पाय ठेवला की चिखल. बसवणारा म्हणाला, "मिनिटं वाढवा." मी आधी मोजायचं ठरवलं. स्वयंपाकघरातले सरळ कडांचे सहा डबे (डाळी परातीत ओतून, त्याबद्दल जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही) लॉनवर ठेवले आणि फवारे पंधरा मिनिटं चालवले. मधल्या डब्यांत 11 मिलिमीटर पाणी, त्या कोपऱ्यात 4. कोपऱ्याच्या नोझलच्या जाळीत बोअरची रेती अडकली होती आणि शेजारचा फवारा वाढलेल्या गवतात बुडाला होता. दोन्ही साफ केल्यावर सगळीकडे 9-10 मिलिमीटर यायला लागलं.

खरा धक्का पुढच्या हिशेबाने दिला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. वीस मिनिटांत पडत होतं तेरा मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे रोज सातशे लिटर. ऐन उन्हाळ्यातसुद्धा या गवताला दिवसाला पाच-सहा मिलिमीटर पुरतात. मी वेळ आठ मिनिटांवर आणली आणि तीही दोन हप्त्यांत: चार मिनिटं, अर्धा तास थांबा, पुन्हा चार. वरचा लाल मातीचा थर पातळ, खाली काळी माती. ती पाणी हळूहळू पिते. एकदम दिलं की गेटमधून रस्त्यावर जातं. चिखल आठवड्यात गेला.

मे महिन्यात बोअरनेही दम टाकला. तेव्हा ठिबक चालू ठेवलं आणि लॉनला आठवड्यातून एकदाच पाणी दिलं. गवत तपकिरी झालं, सोसायटीत हळहळ व्यक्त झाली. पण आमचं गवत हरळीच्याच कुळातलं. जमिनीखालच्या काड्या जिवंत राहतात. पहिल्या दोन पावसांत ते परत हिरवं झालं.

आता पावसाळ्याबद्दल. मृगाच्या सुरुवातीला पाऊस येतो-जातो, म्हणून मी टायमर चालूच ठेवला होता. आर्द्रात एके पहाटे वरून धो-धो पाऊस आणि खालून आमचे फवारे. समोरचा मुलगा छत्रीतून ओरडला, "काका, पावसाला पाणी कमी पडलं का?" त्याच दिवशी टायमर बंद केला. नंतर रेन सेन्सर घेतला. त्यात चकत्या असतात, भिजल्या की फुगून खटका दाबतात आणि फवारे थांबतात; वाळल्या की पुन्हा सुरू. अधूनमधून पडणाऱ्या पावसासाठी चांगला आहे. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र मी सगळं सरळ बंदच ठेवतो.

चूक अशी झाली की बंद करताना टायमरमधली नऊ व्होल्टची बॅटरी काढली नाही. हस्ताचा पाऊस सरला, ऑक्टोबरचं ऊन तापलं आणि डबा उघडला तर बॅटरी पाझरून टोकं हिरवी पडलेली. ती घासून नवी बॅटरी घातली, सगळं सुरू झालं, मी झोपलो. सकाळी टाकी रिकामी! व्हॉल्व्हच्या रबरी पडद्याखाली रेतीचा खडा अडकून तो अर्धा उघडा राहिला होता आणि पाणी रात्रभर वाहिलं. झाकणाचे स्क्रू काढून पडदा धुतला, वीस मिनिटांचं काम. नंतर कळलं की पावसाळ्यानंतर सुरू करताना आधी नोझल काढून पाइपमधून मोकळं पाणी सोडायचं आणि फिल्टर धुवायचा, म्हणजे साचलेला गाळ निघून जातो. बसवणाऱ्याने हे एका वाक्यात सांगितलं असतं तर टाकीभर पाणी वाचलं असतं.

ठिबकाचं दुखणं वेगळं. आमच्या बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं, त्यामुळे नोव्हेंबरपर्यंत ड्रिपरवर (थेंब सोडणाऱ्या तोंडांवर) पांढरी पुटं चढली. मोगऱ्याला ठिबकतंय, जास्वंद कोरडी. माझे मेहुणे निफाडकडे द्राक्षं करतात. ते आले, बघितलं आणि म्हणाले, "दाजी, हे प्लंबरचं काम नाही, ॲसिड सोडायला लागतं." लॉनचा व्हॉल्व्ह बंद करून फक्त ठिबकाच्या नळ्यांत सौम्य केलेलं हायड्रोक्लोरिक ॲसिड सोडलं. शेवटच्या ड्रिपरच्या पाण्याचा सामू (pH) लिटमससारख्या पट्टीवर चारच्या आसपास आला की थांबायचं, रात्रभर तसंच ठेवायचं आणि सकाळी नळ्यांची टोकं उघडून भरपूर पाण्याने धुवायचं. दोन गोष्टी त्यांनी दरडावून सांगितल्या: ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही, आणि शेवाळासाठी ब्लीचिंग पावडर वापरायची तर ती वेगळ्या दिवशी, कारण दोन्ही एकत्र आलं की विषारी वायू होतो. हातमोजे आणि चष्मा हवाच. तीन ड्रिपर तरीही उघडले नाहीत, ते बदलले. पाच-सात रुपयांची वस्तू.

हिवाळ्यात काळजी अशी काहीच नाही. परदेशी व्हिडिओंत लोक कॉम्प्रेसर लावून पाइपांतलं पाणी फुंकून काढतात, नाहीतर गोठून पाइप फुटतात. आमच्याकडे निफाडला पारा चार-पाच अंशांवर उतरतो तेव्हाही जमिनीखालचा पाइप सुखरूप असतो. फक्त गवत पिवळट पडतं ते थंडीने, तहानेने नव्हे. हे न समजून मी डिसेंबरात मिनिटं वाढवली आणि बुरशीचे गोल चट्टे आले. आता थंडीत चार दिवसांआड पाच मिनिटं, तेही उन्हं आल्यावर.

घ्यावं का? ठिबक डोळे मिटून घ्या. फवारे घेण्याआधी पाण्याचा दाब आणि लॉनचं क्षेत्र मोजा, रेती अडवणारा फिल्टर पहिल्याच दिवशी मागा आणि पंपाचे पैसे कोटेशनमध्ये लिहून घ्या. स्वयंचलित या शब्दावर फार विसंबू नका, टायमरला नक्षत्रं कळत नाहीत.

मेहुणे जाताना गेटपाशी थांबून लॉनकडे बघत म्हणाले, "खाता येत नाही, गुरांना घालत नाही, त्याला एवढं पाणी?" मला उत्तर सुचलं नाही. गेल्या आठवड्यात तो पिवळा कोपरा खणून काढला, तिथला फवारा बंद केला आणि चार मोगरे लावून प्रत्येकाला एकेक ड्रिपर दिला.