१९७१ च्या युद्धाचं खासगी स्मृतिपदक: एक पावसाळा काढल्यानंतर

आमचे आबा मराठा लाइट इन्फंट्रीच्या जंगी पलटणीतले. डिसेंबर १९७१ मध्ये आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या लढाईत होते. त्यांना विजय दिनाला, १६ डिसेंबरला द्यायचं म्हणून हे पदक ऑनलाइन मागवलं. पदक सरकारी नाही, हे जाहिरातीत अगदी बारीक अक्षरात लिहिलंय. फोटोत मात्र ते सरकारी पदकांच्या ओळीत टाचून दाखवलंय, हे मला खटकलं.

हातात घेतल्यावर वजनदार वाटतं. धातू जस्ताचा, वर सोनेरी मुलामा. उन्हाळाभर झळाळी टिकली. पाऊस लागला आणि कडेवर, बरोबर आबांच्या नावाच्या अक्षरांतून, पांढरट भुकटी यायला लागली. गुजरीतल्या ओळखीच्या सराफानं भिंग लावून बघितलं. म्हणाला, नाव मुलाम्यानंतर कोरलंय, त्यामुळं खालचं जस्त उघडं पडलं. आधी कोरून मग मुलामा द्यायला हवा होता. आणि देवाच्या भांड्यांसारखी चिंच लावून घासू नका, आहे तेवढा मुलामाही जाईल. आबांचं संग्राम मेडल, म्हणजे १९७१ च्या युद्धासाठी सरकारनं दिलेलं पदक, तांबं-निकेलचं. इतके पावसाळे बघून थोडं काळवंडलंय, पण मुलामाच नसल्यामुळं निघायचा प्रश्न नाही.

फीत बरी आहे, टोकाला धागे सुटतात. पिन फारच नाजूक. शिंप्याकडून मागं जाड कापड लावून घेतलं.

आबांची तक्रार वेगळीच. पदकावर जवानाच्या हातात वाकड्या मॅगझिनची रायफल दाखवलीय. चष्मा न लावताच म्हणाले, "ही आमची न्हवं. आमच्याकडं एसएलआर हुती, तिचं मॅगझिन सरळ." मागच्या बाजूला ९३,००० युद्धकैद्यांचा आकडा आहे, तो बरोबर.

माजी सैनिकांच्या मेळाव्याला जाताना आबा कोटाला डावीकडं 'पूर्वी स्टार' (पूर्व आघाडीवर लढलेल्यांचं सरकारी पदक) आणि संग्राम मेडल लावतात. हे घरीच. "सरकारनं दिलेलं न्हाई ते छातीवर कशाला?" मलाही ते पटतं. फ्रेममध्ये, पलटणीच्या फोटोखाली, ते शोभतं. नातवंडं तिथं थांबून विचारतात आणि आबा जमालपूरचं सांगत बसतात. तेवढ्यासाठी घ्यायचं असेल तर घ्या, पण नाव कोरून घेऊ नका.

मुलाम्याबद्दल कंपनीला कळवलं तर बदलून देतो म्हणाले. आबांना विचारलं. "पाठवा म्हणावं," म्हणाले, "पर रायफल बदलून."